तळाचा दगड

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी विचारायला नको, की बाई, एवढ्या शिकलेल्या असून तुम्ही असं कसं केलंत. एकसष्ट साली मी चोवीस वर्षांची होते. अमरावतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडले होते आणि आपल्याला न समजणारं असं जगात फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. माझे वडील, मोरोपंत, अमरावतीत वकिली करायचे. सरोजिनीने, म्हणजे मी, शहरातल्या हायस्कुलात नोकरी करावी असं त्यांचं म्हणणं. मी ते धुडकावलं आणि दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या काठाजवळच्या एका खेड्यात, मुलींच्या निवासी शाळेत जाऊन बसले. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि चूक त्यांची नव्हती.

शाळेत मुली अडतीस. शिकवणाऱ्या आम्ही दोघी, पार्बताबाई आणि मी. स्वयंपाकाला जयवंता. शाळा पार्बताबाईंनीच काढलेली; मुली त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांचा एक नियम होता, की सकाळी दहापर्यंत शाळेत कुणी पुस्तक उघडायचं नाही. तोवर कामं, आणि कामातूनच शिक्षण. ज्वारीचं माप मोजताना गुणाकार, भाजीच्या वाफ्यात क्षेत्रफळ, आजारी मुलीचा ताप बघताना दशांश. प्रत्येक कामाला मुलींनी निवडून दिलेली एक प्रमुख असे. पहिल्या महिन्यात मला हे सगळं पोरखेळ वाटलं. मग चौथीतल्या मुली विहिरीचं पाणी आठवड्यात शेकडा किती घटलं ते तोंडी सांगताना ऐकल्या आणि मी गपगुमान चटईवर बसून घेतलं.

विहीर हा त्या शाळेचा जीव होता. तो सगळा खारपाणपट्टा. काळी जमीन, कापूस असा येतो की बघत राहावं, पण विहीर खणली की पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि प्यावं तर तहान वाढते. आमची विहीर नाल्याच्या काठाला होती आणि तिचं पाणी गोड होतं. म्हणून तर शाळा तिथे होती. रोज सकाळी पाणीप्रमुख हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेला दोर आत सोडायची आणि ओरडून आकडा सांगायची.

त्या वर्षी पाणीप्रमुख मैना होती. बारा वर्षांची, काळीसावळी, कमी बोलणारी. तिचा बाप बुधाजी मूळचा हिवरखेडचा, विहिरी खणणारा. शाळेची विहीर त्यानेच खणली होती. तेव्हा ही पाच-सहा वर्षांची पोर मातीच्या ढिगावर बसून ढेकळं मोजत होती, आणि मोठ्या बाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं. पुढच्याच वर्षी त्या घराने धम्मदीक्षा घेतली. एकसष्टच्या उन्हाळ्यात बुधाजी धामणगाव रेल्वेला एका जिनिंगमध्ये कामाला होता. तो जवळ असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

उन्हाळ्यात आमच्या शाळेला सुट्टी नसे. याचं कारण मोठ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एका वर्षी त्यांनी मुलींना वैशाखात घरी पाठवलं. अकरा गेल्या, त्यातल्या चारच परत आल्या. बाकीच्यांची लग्नं झाली, नाहीतर त्या मजुरीला लागल्या. "मुलगी एकदा घरी गेली की आपली नाही," असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून विहिरीत पाणी आहे तोवर शाळा चालू, असा हिशेब होता. पाणी संपलं तर मात्र मुलींना घरी पाठवण्यावाचून इलाज नव्हता. गावात गोड पाण्याची दुसरी विहीर एकच होती, महादेवराव पाटलांची, आणि आमच्या शाळेतल्या सगळ्या मुलींना त्या विहिरीवर उभं राहू देतील अशी ती नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या बाई डोळ्याच्या ऑपरेशनला अमरावतीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "महिनाभर. शाळा तुझ्या हाती." त्या गेल्या त्या दिवशी दोर साडेचार हात भिजला. आठ दिवसांनी तीन. त्याच्या पुढच्या सोमवारी मैनाने दोर ओढून वर घेतला, ओली गाठ बोटांत धरली आणि नेहमीसारखं ओरडून न सांगता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, दोन."

मी हिशेब केला. असंच चाललं तर मोठ्या बाई परत यायच्या आधी पाच-सहा दिवस विहीर कोरडी. म्हणजे बाई डोळ्यावरची पट्टी काढून येणार आणि बघणार काय, तर रिकामी शाळा. ते चित्र मला सहन होईना.

उपाय मला लगेच सुचला. विहीर खोल करायची. कुठल्याही शहाण्या माणसाला हेच सुचलं असतं, फक्त तो त्या पट्ट्यातला नसावा लागतो.

पण गावात एकही माणूस विहिरीत उतरायला तयार होईना. कारण तळाशी मधोमध एक काळा, पाटाएवढा चपटा दगड बसवलेला होता आणि त्याला शेंदूर फासलेला होता. आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवींचं, ठाण, असं जयवंता म्हणायची. दरवर्षी श्रावणात ती पायऱ्यांनी जेवढं उतरता येईल तेवढं उतरून विहिरीत हळदकुंकू सोडायची, आणि गाळ काढला त्या वर्षी तर खाली जाऊन शेंदूर लावून आली होती. तो दगड हलवला तर आसरा कोपतात आणि पाणी घेऊन जातात, असं गावात लहानथोर सगळे सांगत. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. अडतीस मुलींचं शिक्षण एका शेंदराच्या दगडापायी अडायचं? मी ठरवलं, आता तर विहीर खणायचीच, आणि मुलींच्या डोळ्यांदेखत. याहून चांगला विज्ञानाचा धडा कुठल्या पुस्तकात मिळणार होता?

अकोल्याला ओळखीच्या माणसाला निरोप धाडून मी पातूरच्या घाटाकडचा देवीदास नावाचा विहिरी खणणारा बोलावला. आपला भाऊ आणि पहारी घेऊन तो बुधवारी संध्याकाळी येऊन पोचला. त्याने आजवर सगळ्या विहिरी डोंगराच्या खडकात खणलेल्या. आमच्याकडची माती त्याने कधी पाहिली नव्हती. हे मला माहीत होतं, पण त्यात काही बिघडेल असं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी ओसरीवर मुलींच्या वह्या तपासत होते. ललिता आणि सिंधू शेजारी बसून दिव्याच्या काचा पुसत होत्या. मैना आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"काय गं?"

"बाई, तो दगड काढू नका."

मी पेन खाली ठेवलं. दिवसभर गावातल्या पाच जणांनी मला हेच ऐकवलं होतं. "का? आसरा रागावतील?"

"आसरा नाई, बाई. तो दगड माह्या बाबानं बसवला. इथवरच खांदायचं म्हनून. त्याच्याखाली पिवयी माती हाय, अन् तिच्याखाली खारं पानी."

"तुझ्या बाबांनी खाली जाऊन पाहिलं होतं?"

"पाह्यलं नाई. माती चाखली होती त्यानं. बाबा हातहातभर खांदते अन् माती जिभेले लावते. पिवयीची चव लागली का थांबते."

आज हे लिहिताना मला वाटतं, की त्या पोरीने मला जे सांगितलं ते माझ्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. वर पावसाचं मुरलेलं गोड पाणी, मध्ये चिकणमातीचा थर, खाली खारं. शास्त्रच होतं ते. पण मी ऐकत नव्हतेच. माझ्या डोळ्यासमोर तो शेंदूर होता, आणि माझ्या मते ही पोर बापाचं नाव पुढे करून आपली भीती झाकत होती.

"माती चाखून शास्त्र होत नसतं, मैना," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला चांगलं बोलता येतं, हा माझा जुना रोग. "आणि काय गं, तुम्ही लोकांनी तर देव सोडले ना? बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना? मग बौद्धाची पोर शेंदराच्या दगडाला कशी भ्यायली?"

ललिता आणि सिंधू फिसकन हसल्या. ललिता तर मैनाच्याच वस्तीशेजारची, तीही हसली.

मैनाने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. मग ती वळून पाणी भरायला गेली. आपण एक अंधश्रद्धा मुळातून उपटली, या आनंदात मी पुढची वही ओढली.

गुरुवारी सकाळी सगळ्या मुलींनी मिळून होतं नव्हतं ते पाणी उपसून सिमेंटच्या टाकीत भरलं. तीन दिवस पुरेल एवढं निघालं. तळ उघडा पडला. देवीदास दोराने खाली उतरला आणि दगड बघून तिथेच उभा राहिला.

"बाई, शेंदूर हाय याले," तो खालून ओरडला. "म्या हात नाई लावत. आधी एक नारळ फोडा."

"नारळ चटणीला ठेवलाय," मी वरून सांगितलं. पायऱ्या संपल्या तिथून दोर धरून मी स्वतः खाली उतरले. पदर खोचला, पहारीचं टोक दगडाखाली घातलं आणि दगड उलटा केला. वर कठड्याभोवती अडतीस डोकी. जयवंताने डोळ्यांना पदर लावला होता. "बघा," मी ओरडले, "काही झालं का?" मुलींनी टाळ्या वाजवल्या. मैना टोपल्यांच्या रांगेत उभी होती, तिनेही वाजवल्या असाव्यात. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी एक हात खणून झालं. बाजूंनी चांगले झरे फुटले, गोड. मी रात्री पोटभर जेवले.

शुक्रवारी मातीचा रंग बदलू लागला. काळ्या मातीत पिवळ्या रेघा, मग निम्मी पिवळी, मग संध्याकाळपर्यंत सगळीच. पहार लागत नव्हती, रुतत होती. देवीदासचा भाऊ वैतागला होता. "ही कोनती माती हाय बाप्पा, सोडूनच नाई राहिली." मुली पायऱ्यांवर रांग करून टोपल्या हातोहात वर देत होत्या. मैना रांगेत सगळ्यात खाली होती. टोपली हातात आली की ती त्यातून हरभऱ्याएवढं ढेकूळ उचलून तोंडात टाकायची, क्षणभर थांबायची आणि थुंकायची. मग टोपली पुढे द्यायची.

"मैना, थुंक ते!" मी ओरडले. "माती खातेस? जंत होतील!"

तिने ओठ पुसले. मुली हसल्या. पुढच्या टोपलीला तिने परत तेच केलं, फक्त माझ्याकडे पाठ करून. तेव्हा कुठे पहिल्यांदा, आपलं चुकत तर नाही ना, असं मनात आलं. पण देवीदासला आणून दोन दिवस झाले होते, टाकीतलं पाणी दीड दिवसाचं उरलं होतं, आणि सगळ्या मुलींसमोर दगड मी उलटा केला होता. आता थांबायचं म्हणजे आसरांपुढे माघार घेतली असंच झालं असतं. मी थांबले नाही. खरं कारण हेच, दुसरं काही नाही.

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास मैनाने एक टोपली घेतली, ढेकूळ तोंडात टाकलं आणि तिथेच थांबली. टोपली पुढे देईना. रांग अडली. मी पायऱ्यांवर तिच्या चार हात वर होते.

"काय झालं?"

ती नुसती वर माझ्याकडे बघत राहिली. ते डोळे मला अजून दिसतात. त्यात राग नव्हता. मला विचारा, एवढंच होतं. मी विचारलं असतं, "कशी लागली माती?" तर तिने सांगितलं असतं. तीन शब्दांचं काम होतं.

"पुढे दे," मी म्हणाले.

तिने टोपली पुढे दिली.

नंतर दहा मिनिटंही झाली नसतील. देवीदासने पहार वर उचलून सगळ्या ताकदीने खाली मारली आणि ती नुसती आत गेली, हातभर, काही आडवंच न आल्यासारखी. त्याने ती ओढून काढली. भोकातून मनगटाएवढं पाणी उसळून वर आलं. "पानी लागलं! बाई, पानी लागलं!" तो नाचायलाच लागला. वर मुलींनी एकच गलका केला. ललिता धावत घंटा वाजवायला गेली. मी दोर धरून घाईघाईने खाली उतरले. गुडघ्यावर बसले, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

ते पाणी मला गिळता आलं नाही.

मी ते थुंकलं आणि तशीच बसून राहिले. कानात घंटा वाजत होती. माझ्या डोळ्यासमोर, कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मोठ्या बाईंची डोळ्यावरची पट्टी आली. विहीर गेली. मी घालवली. एवढी एकच गोष्ट मला कळत होती, आणि पुढे काय करायचं ते अजिबात कळत नव्हतं.

तेवढ्यात धपकन आवाज झाला. मैनाने शेवटच्या पायरीवरून उडी मारली होती. ती सरळ भोकाशी आली आणि तिने त्यावर टाच दाबून धरली. पाणी तिच्या पायाभोवतून उडत होतं.

"पिवयी माती द्या!" ती वर बघून ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काई माती नका देऊ, काई विरघयते! पिवयी! गोये करून द्या! अन् तरट द्या कोनी, तरट!"

सिंधूने पहिली टोपली उलटी खाली ओतली. दोन दिवस आम्ही वर नेलेली माती आता खाली येऊ लागली. मुली वर बसून चिकणमातीचे गोळे मळत होत्या, भाकरीच्या पिठाचे करतात तसे, आणि टोपल्या भरून सोडत होत्या. जयवंताने कोठीतली दोन पोती फेकली. मैना गोळा भोकात टाचेने कोंबायची, पाणी तो बाहेर फेकायचं, ती दुसरा कोंबायची. भोकाच्या कडा ढासळत होत्या. पाणी तिच्या पोटऱ्यांवर चढलं.

"पोट्टी वर घ्या!" देवीदास ओरडला. "तय खचून राहिला! पाय फसंन तिचा!" आणि तो स्वतः दोराला लोंबकळून वर निघून गेला. त्याचा भाऊ त्याच्या आधीच गेला होता.

मी मैनाचा दंड धरला. "वर चल."

"नाई, बाई."

"मैना, मी सांगतेय!"

"तुमी तरट धरा," ती म्हणाली. मला. आणि मी धरलं. तिने पोत्याची घट्ट गुंडाळी भोकात घातली, मी तिच्यावर दोन्ही गुडघे टेकून बसले, तिने वरून गोळे दाबले. खालून पाणी माझ्या पायांना रेटत होतं, ते मला स्पष्ट जाणवत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मुली वरून माती देत होत्या, आम्ही दोघी तुडवत होतो, माझं लुगडं चिखलाने एवढं जड झालं होतं की उठता येत नव्हतं. मग एकदा मैना थांबली. वाकून तिने हात पाण्याखाली घातला आणि तळ चाचपला.

"दगड," ती म्हणाली.

तो दगड मी दोन दिवसांपूर्वी भिंतीशी लोटून दिला होता. आता आम्ही दोघींनी तो ओढत आणला आणि त्या जागेवर ठेवला. शेंदूर धुऊन गेला होता.

मग उपसा. आलेलं खारं पाणी एक थेंबही राहू द्यायचं नाही, नाहीतर बाजूचे गोड झरे त्यात मिसळतील, असं मैनाने सांगितलं. मी मान डोलावली. दुपारी बारापर्यंत अडतीस मुली बादल्या ओढत होत्या. तळ कोरडा झाला तेव्हा आम्ही दगडाभोवती बघत उभ्या राहिलो. पाझर नव्हता. दिसत तरी नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"आता सकाळपर्यंत बाजूचं पानी येईन. ते चाखाचं. खारं असन त खालून येऊन राहिलं समजाचं."

"मग?"

मैनाने खांदे उडवले. "मग काय. मले आईसंगं मजुरीले जा लागन."

ती तक्रार करत नव्हती. पाण्याच्या पातळीचा आकडा सांगावा तसं सांगत होती, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना.

टाकीत उद्या दुपारपर्यंतचं पाणी होतं. त्या संध्याकाळी मी पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. सकाळी पाणी खारं निघालं तर पत्रं पहिल्या टपालाने जायला हवी होती. 'पाण्याच्या टंचाईमुळे शाळा बंद करीत आहोत, मुलीस घेऊन जावे.' टंचाईमुळे! चौतीस कार्डं लिहून झाली. पस्तिसाव्यावर पत्ता घातला, बुधाजी, जिनिंगचं नाव, धामणगाव रेल्वे, आणि पुढे माझा हात चालेना. ज्या माणसाने माती चाखून विहीर गोड ठेवली होती, त्याला मी काय लिहिणार होते? ते कार्ड कोरंच राहिलं. उरलेली तीनही.

रविवारी उजाडता उजाडता सगळ्या मुली कठड्याशी जमलेल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. मैना खाली उतरली. दगडाभोवती हातभर पाणी साचलं होतं. तिने आधी दगडाच्या कडेची माती नखाने उकरून जिभेला लावली. मग थोडं पाणी तोंडात घेतलं, आणि गालात धरून ठेवलं. खूप वेळ. ललिता माझा हात घट्ट धरून उभी होती.

मैनाने पाणी गिळलं.

"जरासं मचूय हाय," ती खालून म्हणाली. "दोन दिवस उपसलं का जाईन. गोड हाय."

मुलींनी काय केलं ते सांगत बसत नाही. मी तिथेच रडले, मुलींसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. पाणी कमीच होतं, मोजून मापून वापरायला लागणार होतं. दोन-दोन तांब्यांत अंघोळ, पण शाळा राहिली.

मैना वर आली तेव्हा मी तिला पायऱ्यांवर गाठलं. तिचे आभार मानायचे होते. पण तोंडातून भलतंच आलं. चूक झाली की निम्मी दुसऱ्यावर ढकलायची, ही मास्तरकीतली खोड.

"तू मला परत का नाही सांगितलंस गं? काल टोपली अडवलीस तेव्हा? ओरडून सांगायचंस! तुला तर कळलं होतं!"

तिने पायाचा चिखल दुसऱ्या पायाने पुसला.

"सांगाचं होतं, बाई. पन तुमी म्हनलं ना, का बौद्धाची पोर दगडाले भेते. मी अजूक बोलली असती त साऱ्या पोरीइले वाटलं असतं का आमचे सारेच लोक अजून भेतात. आमची आई, बाबा, सारे. बाबानं घरातले देव नदीत सोडले तवा गावानं आमाले किती बोललं, तुमाले ठाव नाई. म्हनून मी चूप बसली."

"आणि विहीर गेली असती तर?"

"गेली असती," ती म्हणाली. "मले ठाव होतं."

म्हणजे त्या बारा वर्षांच्या पोरीने दोन दिवस, टोपलीमागून टोपली देताना, हे दोन्ही तोलून बघितलं होतं. एकीकडे आपली शाळा आणि एकीकडे आपल्या माणसांचं नाव. आणि ते तोलायला तिला मी लावलं होतं, वह्या तपासता तपासता, एका वाक्यात. विहिरीच्या चुकीला निदान मी अडाणी होते असं म्हणता येतं. याला काय म्हणायचं?

मला ते पोटात ठेवता आलं नाही. प्रार्थनेला सगळ्या जमल्या तशी मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. मैनाने बुधवारीच मला खरं ते सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. उलट ती बौद्ध आहे म्हणून तिला टोचून बोलले, काय बोलले तेही सांगितलं, शब्दन् शब्द. ते खोटं होतं, नीच होतं, भ्यायलेली मी होते, ती नव्हती. मला वाटत होतं, मी फार मोठं काहीतरी करते आहे.

माझं बोलणं संपलं आणि सदतीस मुली माना वळवून मैनाकडे बघू लागल्या. ज्यांना त्या ओसरीवरचं काही माहीत नव्हतं त्यासुद्धा. पाच मिनिटांपूर्वी ती विहीर वाचवणारी मैना होती. आता सगळ्या जणी तिच्यात तेच शोधत होत्या, जे मी नाव घेऊन त्यांना दाखवलं होतं. दुसऱ्यांदा.

मैना मान खाली घालून बसली होती. ती मान तिने वर केली नाही.

मग ती उठली, फ्रॉक झटकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमचं झालं असन त पानी भरू द्या. ऊन चढून राहिलं."

मी बाजूला सरकले. मुली बादल्या घेऊन तिच्यामागे विहिरीकडे गेल्या.